जामनिक बाबूंची खरी नक्कल

कोर्टामागच्या गल्लीत माझं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. पूर्वी तिथे माझ्या वडिलांची टायपिंग इन्स्टिट्यूट होती. बावीस मशिनींच्या खडखडाटात मी लहानाची मोठी झाले, त्यामुळे माझा आवाज जरा चढा आहे. लोक मला भांडखोर म्हणतात, पण ते काही खरं नाही. जे दिसतं ते मी बोलते, एवढंच. अमरावतीत दुकान चालवायचं तर तेवढं लागतंच.

माझ्या गिऱ्हाइकांत एकच माणूस असा आहे की ज्याच्यापुढे माझं काही चालत नाही. धर्मपाल सोनाजी जामनिक. वय वर्षं चौऱ्याहत्तर, उंची बेताची, शर्टाच्या खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. चौतीस वर्षं ते कोर्टाच्या नक्कल विभागात होते. निकालाची प्रत हवी असली की लोक अर्ज करतात आणि त्या विभागातून नक्कल मिळते, तिथे. सगळं कोर्ट त्यांना जामनिक बाबू म्हणायचं. मी बाबूजी म्हणते, कारण माझे वडील त्यांना तसंच म्हणायचे.

नक्कल करणं म्हणजे नुसतं उतरवून काढणं नव्हे, हे बाबूजी तुम्हाला पहिल्या भेटीतच सांगतील. नक्कल झाली की रुजवात घ्यायची असते. एकानं मूळ कागद मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं नकलेवरून बोट फिरवत ऐकायचं. स्वल्पविरामसुद्धा वाचायचा. मग खाली लिहायचं, ‘रुजवात घेतली’, आणि सही ठोकायची. ‘रुजवातीले दोन माणसं लागतात. एकटा माणूस सोताची चूक सोताच झाकते,’ असं ते म्हणतात. निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली, पण सवय काही सुटली नाही. पत्नी होत्या तोवर किराण्याची यादी दोघं मिळून रुजवायचे. मुलगी माया हिच्या लग्नाची पत्रिका छापखान्यातून तीनदा परत गेली, तिसऱ्यांदा फक्त एका अनुस्वारासाठी. माझ्याकडे संगणक दुरुस्तीला टाकला की मी जी पावती देते, तीसुद्धा ते मला वाचायला लावतात आणि स्वतः बोट फिरवतात. दुकानात चार गिऱ्हाइकं खोळंबलेली असतात आणि मी शाळेतल्या पोरीसारखी ‘एक नग माऊस, स्वल्पविराम’ म्हणत असते. माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते, पण काय करणार!

त्यांचा संगणक मायानं घेऊन दिलेला, तिच्या पुण्यातल्या नोकरीच्या पहिल्या पगारातून. सगळं एकाच डब्यात असतं तसला. समोर पडदा, त्याच्या पाठीतच यंत्र, वेगळी पेटी नाही. त्या वेळी मोठा तोरा होता त्याचा. आता तो म्हातारा झालाय, चालू व्हायला एक चहा लागतो. बाबूजी त्याला रोज मऊ फडक्यानं पुसतात आणि वर प्लास्टिकचं झाकण घालतात. त्याच्या उजव्या कुशीत सीडीची खाच आहे, पण ती फक्त सीडी वाचते. लिहायचं तिला जमत नाही.

तर गेल्या डिसेंबरात, एका सकाळी, बाबूजी दुकानात आले आणि उभ्या उभ्याच म्हणाले, “देवश्रीबाई, माह्या संगणकाले सीडी लिहिता आली पाह्यजे.”

मी कपाळावर हात मारला. “बाबूजी, सीडी आता कोण लिहितं? मोबाइलवर पाठवा.”

“ज्याले आयकायचं हाय, थे मोबाइल वापरत नाई.”

“मग पेन ड्राइव्ह द्या.”

“तिच्या डब्ब्याले त्याची खाचच नाई. सीडीच लागते.”

‘तिच्या’ म्हणजे त्यांच्या मोठ्या बहिणीच्या. सुंदराबाई. वय ब्याऐंशी, अकोल्याला नातवाकडे राहतात. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले, उजेड-अंधार तेवढा कळतो. मोबाइलचा गुळगुळीत पडदा आंधळ्या माणसाच्या काय कामाचा? त्यांच्याजवळ जुना सीडी वाजवायचा डबा आहे आणि कानाला लावायची दोन बोंडं. त्याची बटणं त्यांना बोटांनी कळतात.

आणि ऐकायचं काय, तर बाबूजींनी लिहिलेली अकरा रजिस्टरं. निवृत्तीनंतर त्यांनी आपल्या घराची हकीकत लिहायला घेतली होती. मूर्तिजापूरच्या पुढे, शकुंतला नावाच्या छोट्या आगगाडीच्या रुळाशेजारी त्यांचं खेडं. आई-बाप, विहीर, छप्पन साली घरातले देव नदीत सोडले तो दिवस, पहिली चप्पल, सगळं त्यात. पण लिहून झालं म्हणून झालं असं थोडंच आहे? रुजवात नको? आणि त्या दिवसांचा मूळ कागद आता एकच शिल्लक होता, तो म्हणजे ताई. म्हणून बाबूजी दर रविवारी बडनेऱ्याहून गाडी पकडून अकोल्याला जायचे आणि बहिणीला वाचून दाखवायचे. ती म्हणायची, “खोटं! थो मामा नाई, थो काका होता,” की हे लाल पेनानं दुरुस्त करायचे. अशी दहा रजिस्टरं झाली. प्रत्येकाच्या शेवटच्या पानावर सुंदराबाईंचा अंगठा आणि बाबूजींची सही. अकरावं राहिलं, तेव्हा गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि प्रवास बंद पडला.

“ताई ब्याऐंशीची हाय,” बाबूजी म्हणाले. “मी चौऱ्याहत्तरचा. एक रजिस्टर अधुरं ठेवून कोनीबी गेलं तं बाकीचे दहा काय कामाचे? अर्धी नक्कल कोर्ट घेत नाई.”

“फोनवर वाचा ना.”

“फोनवर मी वाचून राहिलो का भांडून राहिलो, थेच तिले समजत नाई.”

अकरावं रजिस्टर त्यांनी संगणकावर आपल्या आवाजात भरून ठेवलं होतं. नऊ भाग, एकूण चौऱ्याहत्तर मिनिटं. मी म्हटलं, ते पेन ड्राइव्हवर आणा, माझ्या दुकानातल्या मशीनवर पाच मिनिटांत सीडी करून देते. बाबूजींनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी कोर्टाला आग लावायची गोष्ट केली.

“मूळ कागद कचेरीबाहेर जात नाई, देवश्रीबाई. जिथं मूळ, तिथंच नक्कल.”

आता या माणसाशी कोण डोकं लावणार? मी स्क्रू ड्रायव्हर उचलला आणि त्यांच्या घरी गेले. तिसरा मजला आहे. बाबूजी माझ्या पुढे जिना चढले. चांगले दणादण चढले, हे मी तेव्हाच टिपलं. पण बोलले नाही, कारण मलाच दम लागला होता.

पहिला बेत असा होता की यंत्राच्या पाठीतली वाचणारी ड्राइव्ह काढायची आणि लिहिणारी बसवायची. त्या डब्याची पाठ उघडायची म्हणजे ओल्या नारळाची करवंटी सोडवण्यासारखं काम. गादीवर पालथा घातला, अकरा स्क्रू काढले, कडेनं जुनं प्लास्टिक कुरकुरत सुटलं. आत सोळा वर्षांची धूळ. बाबूजी शेजारी बसून प्रत्येक स्क्रू कागदावर ठेवत होते आणि खाली क्रमांक घालत होते. दुकानात पडलेल्या एका मेलेल्या लॅपटॉपची लिहिणारी ड्राइव्ह मी सोबत नेली होती. जाडी तीच, लांबी तीच. माझी कळी खुलली. पण लावायला गेले तर मागची जोडणी वेगळी. यंत्र जुन्या पद्धतीचं, ड्राइव्ह नव्या पद्धतीची. चौकोनी खुंटी गोल भोकात बसेल तर ही बसेल. अकरा स्क्रू परत लावले. खरं तर दहाच लावले, पण बाबूजींच्या कागदावर अकरावा क्रमांक होता, म्हणून पाठ पुन्हा सैल करून तोही लावला.

मग बाहेरून लावायची ड्राइव्ह आणली. चपटी, काळी, वायरीनं यंत्राला जोडायची. कोऱ्या सीड्या मिळवताना मात्र नाकी नऊ आले. राजकमल चौकापासून राजापेठेपर्यंत दुकानं पालथी घातली. एक पोरगा तर मला विचारतो, “मॅडम, सीडी म्हणजे?” मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. शेवटी लग्नाचे व्हिडिओ काढणाऱ्या मनोजच्या स्टुडिओत, माळ्यावरच्या खोक्यात, तीन सापडल्या. मोजून तीन.

पहिली सीडी माझ्या घाईनं गेली. त्या काळ्या ड्राइव्हच्या वायरीला दोन पाय असतात. एका पायातून तिला पुरेशी वीज मिळत नाही, म्हणून जुन्या यंत्राला दोन्ही लावायचे असतात. मी एकच लावला, तोही कुशीतल्या पेन ड्राइव्हच्या कमजोर खाचेत. दिवा लुकलुकला, घरघर झाली आणि तिसाव्या टक्क्याला कारभार आटोपला. मी यंत्राच्या नावानं बोटं मोडली. चूक माझीच होती, पण ती मी बाबूजींना सांगितली नाही. आज इथे लिहून टाकते.

दुसरी सीडी बाबूजींनी घालवली. दोन्ही पाय पाठीमागच्या खाचांत खोचले, लिहिणं सुरू केलं आणि मी पाणी प्यायला आत गेले. बाहेर येते तर काय? बाबूजींचाच आवाज खोलीत घुमतोय. सीडी लिहिली जात असताना त्यांनी मूळ भाग वाजवायला लावला होता आणि मांडीवर रजिस्टर घेऊन बोट फिरवत बसले होते.

“बाबूजी! काय करून राहिले तुम्ही?” मी दारातूनच ओरडले.

“रुजवात. तिकडे नक्कल होऊन राहिली, तं इकडे रुजवात घेऊन टाकतो. तेवढाच वेळ वाचते.”

त्या बिचाऱ्या म्हाताऱ्या यंत्राला एका वेळी एकच काम झेपतं. दोन सांगितल्यावर त्यानं दोन्ही सोडली. सीडीची झाली बशी. मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. बाबूजींनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाले, “कबूल. आता तिसरी.”

तिसरीला मी सगळ्यात हळू वेग लावला. पंखा बंद केला, कारण उगाच. दोघं हात मांडीवर ठेवून समोर बसलो. एकोणीस मिनिटं. बाबूजी श्वाससुद्धा जपून घेत होते. त्या एकोणीस मिनिटांत मला त्यांच्याबद्दल जे वाटलं ते याआधी कधी वाटलं नव्हतं. चौतीस वर्षं या माणसानं दुसऱ्यांच्या भांडणांच्या नकला केल्या. कोणाच्या बांधाच्या, कोणाच्या फारकतीच्या. आता पहिल्यांदा स्वतःच्या घरची नक्कल करत होता.

ड्राइव्हनं तबक बाहेर टाकलं. झाली! मी टाळी वाजवली. बाबूजी नाही.

“रुजवात,” ते म्हणाले.

त्यांनी रजिस्टर माझ्या हातात दिलं आणि सीडी लावली. चौऱ्याहत्तर मिनिटांची सीडी चौऱ्याहत्तर मिनिटं ऐकायची, मी ओळीखाली बोट धरायचं. दुकान बंद होतं, तिकडे लोक फोन करत होते. पण पहिल्या पाच मिनिटांनंतर मला दुकान आठवलं नाही, हे कबूल करते. सोनाजी नावाचा एक बाप होता, तो शकुंतला गाडी आली की तिला हात करायचा आणि गाडी खरंच थांबायची. एक विहीर होती. एक गाय होती, तिला सगळे पाटलीण म्हणायचे. मी हसत होते आणि बोट पुढे सरकत होतं. असे आठ भाग झाले.

नववा सुरू व्हायच्या आत बाबूजींनी सीडी थांबवली आणि रजिस्टर माझ्या हातून काढून घेतलं.

“एवढं मी एकटाच पाह्यतो.”

मी चमकले. “दोन माणसं लागतात ना रुजवातीला?”

“लागतात,” ते म्हणाले आणि खिडकीकडे पाहत राहिले. “तुमी जा आता. दुकान खोळंबलं असन.”

जिना उतरताना माझी ट्यूब पेटली. गुडघा तर या माणसाचा ठणठणीत आहे! रोज सकाळी भाजी आणायला जातो, तीन मजले चढतो. अकोल्याची गाडी काय याला खाणार होती? बाबूजी अकोल्याला जाऊ शकत नव्हते असं नाही. त्यांना जायचं नव्हतं. त्या नवव्या भागात असं काही होतं, जे बहिणीच्या तोंडावर वाचायची त्यांची छाती नव्हती. म्हणून ही सीडी, म्हणून हा सगळा खटाटोप. मला हसू आलं आणि मग वाईटही वाटलं.

सुंदराबाईंचा तो नातू, प्रीतम, अमरावतीत बँकेत आहे. आठवडाभर इथे असतो, शनिवारी अकोल्याला घरी जातो. त्याच्यासोबत सीडी गेली. सोमवारी तो परत आला आणि बाबूजींना घेऊन थेट माझ्या दुकानात.

“आजी म्हणते, आठ भाग वाजले, नवव्याले डब्बा खोकलून राहिला. पुढं सरकतच नाई,” प्रीतम म्हणाला. “आणि आजोबांसाठी निरोप आहे. म्हणे, त्याले सांग, गुडघ्याले घेऊन ये.”

बाबूजींचा चेहरा पडला. माझा पेटला. माझ्या हातची सीडी खोकलते म्हणजे काय? मी स्वतः बसून केली होती, हळू वेगानं! आठ भाग माझ्या कानांनी ऐकले होते. दोष असेल तर त्या डब्यात असेल.

“रविवारी मी येते अकोल्याला,” मी म्हणाले. “डबा उघडून पाहते. आणि बाबूजी, तुम्ही पण चला. रजिस्टर घ्या सोबत.”

“मूळ सोबत घेतल्याबिगर मी कुठी जात असतो काय?” ते पुटपुटले. पण नाही म्हणाले नाहीत. आता नाही म्हणायला जागाच राहिली नव्हती.

रविवारी बडनेऱ्याहून निघालो. माझ्या पिशवीत स्क्रू ड्रायव्हर, कापूस, स्पिरिटची बाटली. बाबूजींच्या पिशवीत पांढऱ्या फडक्यात बांधलेलं रजिस्टर. मूर्तिजापूर आलं तसे ते खिडकीशी सरकले. बंद पडलेल्या शकुंतलेच्या रुळांवर गवत माजलं होतं. एरवी हा माणूस स्टेशनांच्या पाट्यांचीसुद्धा रुजवात घेईल, त्या दिवशी मात्र मूर्तिजापूरची पाटी त्यानं तशीच जाऊ दिली.

सुंदराबाई अंगणात बाजेवर उन्हाला बसल्या होत्या. एवढीशी बाई, पण पाठ ताठ. पावलं ऐकूनच म्हणाल्या, “आलं का गुडघ्याचं दुखनं?”

“आलो, ताई.”

“कोन हाय सोबत?”

“देवश्रीबाई. यांनीच सीडी केली.”

“बस माय. चा घे.” आणि मी बसायच्या आत त्यांनी भावाला धारेवर धरलं. “काहून रे, दुसऱ्या भागात तू म्हनलं का आपल्या घरी गाय होती. गाय कुठी होती? शेळी होती थे! पाटलीन शेळीचं नाव होतं.”

बाबूजींनी मुकाट्यानं लाल पेन काढलं. सुंदराबाईंनी आठ भागांतल्या सात चुका तोंडपाठ ठेवल्या होत्या, त्या एकामागून एक सांगितल्या. विहीर उगवतीला नव्हती, मावळतीला होती. चप्पल बाजारातून नव्हती आणली, आत्यानं दिली होती. बाबूजी खोडत होते, लिहीत होते. मला तर भारी मजा येत होती. माझ्या पावतीवर बोट फिरवणाऱ्याला असंच कोणीतरी पाहिजे होतं.

“आता नववं,” सुंदराबाई म्हणाल्या आणि उशाचा डबा माझ्याकडे सरकवला. सुरू करायच्या बटणावर त्यांनी डिंकानं ज्वारीचा दाणा चिकटवला होता, हाताला कळावा म्हणून. मी डबा उघडला, सीडी बाहेर काढली, उलटी केली आणि माझे डोळे पांढरे झाले.

चकचकीत बाजूला, कडेशी, निळ्या बॉलपेननं चांगलं दाबून लिहिलं होतं, ‘रुजवात घेतली.’ खाली लफ्फेदार सही. आणि सहीवर गोल शिक्का, ‘ध. सो. जामनिक, सेवानिवृत्त नक्कलनवीस’.

“बाबूजी, हे काय?”

“सही,” ते म्हणाले.

“या बाजूला?”

“मंग कोनत्या? दुसऱ्या बाजूवर कंपनीचा मजकूर छापेल होता. छापील मजकुरावर सही करत नाई. कोऱ्या जागेवर करतेत.”

मला हसावं की रडावं कळेना. मी त्यांना समजावलं की ती कोरी वाटणारी बाजूच लिहिलेली असते. यंत्राचा उजेड तिच्यावरूनच वाचतो. सीडी आतून वाचत वाचत बाहेर येते, म्हणजे शेवटचा भाग कडेला असतो. तुमची सही आणि शिक्का बरोबर नवव्या भागाच्या उरावर बसलाय. बाबूजी ऐकत होते आणि त्यांचे कान लाल होत होते. चौतीस वर्षं त्यांच्या सहीनं नक्कल खरी व्हायची. या एका नकलेला त्यांच्याच सहीनं गिळलं होतं.

सुंदराबाई मात्र तोंडाला पदर लावून हसत होत्या. “लहानपनापासून असाच हाय थो. जिथं नाई पाह्यजे तिथं सही ठोकते.”

“पुसून द्या ना, देवश्रीबाई,” बाबूजी घाईनं म्हणाले. “तुमच्याजवळ असन काई औषध.”

होतं. स्पिरिटचा बोळा फिरवला असता तर दोन मिनिटांत शाई निघाली असती. दाबून लिहिल्याचे ओरखडे राहिले असते, पण डब्यानं बहुतेक वाचलं असतं. बाटली माझ्या पिशवीत, माझ्या मांडीला लागून होती. मी बाबूजींकडे पाहिलं. मग त्या ब्याऐंशी वर्षांच्या बाईकडे पाहिलं, जिनं भाऊ येणार म्हणून ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. आणि मी, जे दिसतं तेच बोलणारी देवश्री, तोंड वर करून म्हणाले, “नाही निघत, बाबूजी. बॉलपेन आहे. गेली ही सीडी.”

“मंग काय झालं?” सुंदराबाई म्हणाल्या. “थो हाय, रजिस्टर हाय, मी हावो. वाच.”

बाबूजींनी फडकं सोडलं. पान काढलं. चष्मा दोनदा पुसला. आणि वाचायला लागले.

नववा भाग असा होता. सुंदरा चौथीत होती, वर्गात पहिली यायची. धाकटा धर्मपाल दोन वर्षांचा होता. आई मजुरीला जायची, त्याला सांभाळायला कोणी नव्हतं. म्हणून सुंदराची शाळा सुटली. ती त्याला कडेवर घेऊन शाळेच्या खिडकीबाहेर उभी राहायची आणि बाहेरूनच धडा ऐकायची. धर्मपाल बेचा पाढा तिच्या कडेवर शिकला. पुढे तो शाळेत जायला लागला, तेव्हा बापानं सुंदराचीच पाटी त्याला दिली. पाटीच्या लाकडी चौकटीवर तिनं खिळ्यानं आपलं नाव कोरलं होतं. पोरं चिडवतील म्हणून त्यानं ते ब्लेडनं खरडून काढलं आणि त्या जागी स्वतःचं नाव घातलं. ती दारात उभी राहून पाहत होती.

“‘ही गोष्ट मी आजवर कोणालाही सांगितलेली नाही, पूर्णविराम,’” बाबूजी वाचत होते. “‘माझं सगळं शिक्षण, माझी नोकरी आणि माझं अक्षर हे सुंदरताईच्या नावावर गिरवलेलं आहे, पूर्णविराम.’”

त्यांनी रजिस्टर मिटलं नाही. मान खाली घालून लाल पेन हातात धरून बसले, निकालाची वाट पाहणाऱ्या पक्षकारासारखे. माझा चहा तसाच निवत होता.

“खोटं,” सुंदराबाई म्हणाल्या.

“ताई...”

“साफ खोटं. मले शाळा आवडेच ना. मास्तर मारे. अक्षर काई डोक्यात शिरत नव्हतं. मीच मायले म्हनलं, मी पोट्ट्याले सांभाळतो, मले नको शाळा. आन् थे नाव तू नाई खरडलं. मीच खरडलं होतं.”

“ताई, मले पक्कं आठवते. ब्लेड माह्या हातात होतं.”

“तुले काय आठवते? तू एवढासा होता. मूळ कोन हाय, तू का मी?” त्यांचा आवाज चढला. “मी सांगतो थे लिही. खोड थे. मी सांगून राहिली ना!”

बाबूजींनी खोडलं. लाल रेघ वाकडी गेली. वर लिहिलं, ‘सुंदरताईस शाळेची आवड नव्हती. पाटीवरील नाव तिनेच काढले.’ मोठ्यानं वाचून दाखवलं. सुंदराबाईंनी मान हलवली. “आता बराबर.”

बाबूजींनी शेवटचं पान काढलं आणि सवयीनं शाईची डबी उघडली, अंगठ्यासाठी. सुंदराबाईंनी ती हातानं बाजूला सारली.

“हे शेवटचं हाय ना? पेन दे.”

“ताई, तुले दिसत नाई.”

“दे म्हनलं ना.”

बाबूजींनी निळं पेन त्यांच्या बोटांत ठेवलं आणि त्यांचा हात पानाच्या तळाशी नेऊन टेकवला. सुंदराबाईंनी डावं बोट कागदावर आडवं धरलं, ओळ सरळ यावी म्हणून. मग सावकाश, मान किंचित वाकडी करून, लिहायला लागल्या. घाई नाही, खाडाखोड नाही. गोल, टपोरी, सुटी सुटी अक्षरं. वेलांट्या जिथल्या तिथे. वरची रेघ शेवटी एका दमात ओढली. माझ्या वडिलांच्या इन्स्टिट्यूटपासून आजवर मी ढीगभर अक्षरं पाहिली आहेत, पण इतकं देखणं अक्षर पाहिलेलं नाही. मी वाकून वाचलं.

‘सुंदरा सोनाजी जामनिक, इयत्ता चौथी.’

बाबूजी त्या ओळीवर वाकले. तिच्यावरून त्यांनी बोट फिरवलं, एकेका अक्षराखालून, शेवटच्या वेलांटीपर्यंत. मग पेन घेतलं आणि खाली लिहिलं, ‘मुळाबरहुकूम. रुजवात घेतली.’ सही केली.

चौतीस वर्षांत त्यांनी मुळाशी न जुळणाऱ्या नकलेवर कधी सही केली नव्हती. ती त्या दिवशी केली.